केवलादेव घना : पाखरांचे तळे आणि पाण्याचा कारभार

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, ज्या शिवमंदिरावरून उद्यानाला नाव मिळाले त्याच्या परिसरात, काही दगडी फलक उभे आहेत. सहलीला आलेली मंडळी बहुधा त्यांच्यापाशी थांबून छायाचित्र काढतात आणि पुढे निघतात. वास्तविक ते सावकाश वाचण्यासारखे आहेत. कोणत्या तारखेस, कोणाच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी आणि किती पाखरे पाडली, याची तेथे ओळीने नोंद आहे. पहिली नोंद डिसेंबर १९०२ मधील, लॉर्ड कर्झन यांच्या शिकारीची. १९१६ साली लॉर्ड चेम्सफर्ड आले तेव्हा ४,२०६ पाखरे पडली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली आणि तो उच्चांक ठरला. एखाद्या तहसील कचेरीतील वसुलीच्या नोंदवहीप्रमाणे हे आकडे कोरलेले आहेत. त्यांत ना अभिमानाचे विशेषण आहे, ना संकोचाचे.

महाराष्ट्राबाहेर, विशेषतः दिल्ली, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या टापूत नोकरीव्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना भरतपूर नवे नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारी फत्तेपूर सिक्रीला जोडून हा प्रवास घडतो. पहाटेचे धुके, पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी, सायकलरिक्षातून हळूहळू सरकणारा रस्ता हे सारे मनात राहते. घरी परतताना बहुतेकांची समजूत अशी असते की आपण निसर्गाचा एक अस्पर्शित तुकडा पाहून आलो. प्रस्तुत लेखाचा विषय ही समजूत आहे. कारण घना, म्हणजे दाट रान, या नावाने ओळखली जाणारी ही पाणथळ प्रत्येक पिढीत कोणीतरी कारभार करून घडवलेली आहे. आत कोणी यावे, याचा निर्णय त्या कारभाराने दरवेळी घेतला. पाणी कोठून यावे, हा प्रश्न मात्र कोणालाही पुरता सुटला नाही.

मुळात ही जागा सखल. गंभीर आणि बाणगंगा या दोन पावसाळी नद्यांचे पाणी भरतपूरच्या आसपास पसरत असे आणि शहराला पुराचा धोका असे. अठराव्या शतकात, महाराजा सूरजमल यांच्या काळात, अजान बांध घातला गेला. त्याचा पहिला हेतू पूर अडवणे हा होता. शिवाय गाळपेर जमिनीला ओलावा मिळे आणि वेळ पडल्यास लोहागड किल्ल्याच्या खंदकाला पाणी देता येई. बांधाच्या खालच्या सखल भागात जे पाणी साचे ते घना. अर्थात पाणी आणि तट यांची सांगड घालण्याची कला या जाट राज्याला चांगली अवगत होती. जवळच डीग येथील महालांत आजही पाहता येते की छतावर प्रचंड हौद बांधून, बैलांकडून चामड्याच्या मोटेने तो भरून, खालच्या शेकडो कारंज्यांना पाणी कसे सोडले जात असे. पावसाळ्याची करमणूक म्हणून बांधलेली ती जलव्यवस्था आहे, आणि ती चालवायला किती माणसे व किती बैल राबले असतील याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करून पाहावा.

सूरजमल हे नाव मराठी वाचकाला पानिपताच्या संदर्भात ठाऊक असते. १७५४ साली मराठ्यांनी भरतपूरपासून काही कोसांवरच्या कुम्हेरला वेढा घातला होता. त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. त्यांची छत्री त्या परिसरात आहे. आणि त्याच सूरजमलांनी १७६१ च्या जानेवारीत पानिपताहून उपाशी, जखमी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आश्रय दिला. भरतपूरला जाणाऱ्या मराठी माणसाने कुम्हेरकडे वाट वाकडी करावी, असे मला नेहमी वाटते. असो.

घना ही शिकारीची राखीव जागा झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. इंग्लंडमधील बदकांच्या शिकारीची पद्धत पाहून आलेल्यांच्या कल्पनेतून येथे लहान-लहान मातीचे बांध घालण्यात आले, अजान बांधापासून कालवा काढण्यात आला, मोऱ्या बसवण्यात आल्या आणि सगळ्या सखल भागाचे निरनिराळे कप्पे पाडण्यात आले. एका कप्प्यातले पाणी दुसऱ्यात सोडता येई, कोठे गुडघाभर तर कोठे कमरेइतके राखता येई. बदकांना उथळ पाणी लागते, डुबकी मारणाऱ्यांना खोल. बंदूकवाल्यांना लपण्यासाठी आडोसा लागतो आणि पाहुण्यांना चालायला कोरडी वाट लागते. आज आपण ज्या उंचवट्यावरच्या झाडीच्या वाटेने रिक्षातून जातो ती यातूनच झालेली आहे.

या व्यवस्थेकडे प्रशासकाच्या नजरेने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. १९०० साली महाराजा रामसिंह यांना ब्रिटिश सरकारने पदच्युत केले होते. १९०२ च्या डिसेंबरात कर्झन शिकारीस आले तेव्हा गादीवरचे किशनसिंह अवघे तीन वर्षांचे होते. पुढे किशनसिंहांचेही अधिकार उधळपट्टीच्या आरोपावरून काढून घेण्यात आले आणि १९२९ साली ब्रिजेंद्रसिंह लहान वयातच गादीवर आले. १९३८ च्या विक्रमी शिकारीच्या वेळी तेही विशीच्या आतच होते. म्हणजे ज्याला आपण सहज ‘राजांचा षौक’ म्हणतो, तो बऱ्याच अंशी राजा अज्ञान असताना चाललेला राजकीय शिष्टाचार होता. व्हाइसरॉयला संतुष्ट ठेवणे हा संस्थानी कारभाराचा भाग होता आणि त्यासाठी पाणी वेळेवर सोडणे हे पाटबंधारे खात्याचे काम होते. पाखरे मोजणारे कारकूनही कोणीतरी असणारच.

मात्र याच काळात आसपासच्या गावांची गुरे घन्यात चरत होती. शिकारीचे दिवस वर्षातून मोजके. बाकीचे दिवस म्हशींचे. अघापूर, जाटोली, घसोला अशा लगतच्या गावांतील लोक येथून गवत, सरपण, वाळ्याची मुळे नेत. संस्थानाने त्यांना पूर्ण मुभा दिली होती असे नाही, पण पूर्ण मनाईही केली नव्हती. हिंदुस्थानातील बहुतेक राखीव रानांचा व्यवहार असाच चाले. कागदावर बंदी, प्रत्यक्षात सवलत, आणि मध्ये फॉरेस्ट गार्डाची मर्जी. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही, पण तिला एक लवचिकपणा होता. तो लवचिकपणा पुढे कायद्याने काढून घेतला.

१९४८ साली भरतपूर मत्स्य संघात सामील झाले आणि पुढच्या वर्षी राजस्थानात. संस्थान गेले तशी एक स्वाभाविक मागणी पुढे आली : शिकारीची तळी कोरडी करा, पाणी आणि जमीन शेतकऱ्याला द्या. अन्नधान्याच्या टंचाईचे ते दिवस होते आणि ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी दिल्लीत पंडित नेहरूंपर्यंत आपले म्हणणे पोहोचवले आणि घना वाचला. १९५६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तडजोड म्हणून महाराजांचे शिकारीचे हक्क राहू दिले गेले. त्यामुळे अभयारण्यात बंदूक चालत राहण्याचा विचित्र प्रकार काही वर्षे घडला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा तो कायमचा संपला. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशातील चिलिका सरोवरासह घन्याला रामसर यादीत स्थान मिळाले. भारतातील या पहिल्या दोन रामसर जागा. १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही नाव आले.

या दोन बहुमानांच्या मधल्या काळात जे घडले ते माहितीपत्रकांत नसते. १९८१-८२ मध्ये अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. सामान्य वाचकाला हा केवळ बढतीचा हुकूम वाटेल. कायद्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. अभयारण्यात चराईचे नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात कलम ३५ अन्वये चराई मुळीच चालत नाही. त्याच कलमात एक अपवाद मात्र आहे. अधिकृत परवानगी असलेल्या व्यक्तीचे वाहन म्हणून जनावर वापरले जात असेल तर ते आत येऊ शकते. म्हणजे पर्यटकाला घेऊन येणाऱ्या टांग्याचा घोडा कायदेशीर आणि गावकऱ्याची म्हैस बेकायदेशीर. मसुदा करणाऱ्यांच्या मनात असा भेद मुद्दाम करण्याचा हेतू असेल असे नाही, पण वेशीवर उभ्या असलेल्या गुराख्याला तो तसाच दिसला असणार.

उद्यानाभोवती सुमारे दोन मीटर उंचीची दगडी भिंत त्याच सुमारास पुरी झाली होती. एकोणतीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्राला सभोवार भिंत, हा प्रकार आपल्याकडील राष्ट्रीय उद्यानांत विरळाच. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. गावकरी गुरे घेऊन आले, झटापट झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. पाण्यातल्या पाखरांच्या रक्षणासाठी स्वतंत्र भारतात नागरिकांवर गोळी चालली. प्रशासनाच्या इतिहासात या घटनेची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. बंदी घालताना पर्यायी चाऱ्याची व्यवस्था काय, हे आधी ठरवायचे असते. उद्यान घोषित करताना हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्याने करायची असते, ती त्यासाठीच कायद्यात लिहिलेली आहे. आदेश निघतो राजधानीत. पण वेशीवर जमावासमोर उभा राहतो तो तालुक्याचा कर्मचारी आणि पोलीस शिपाई. त्यांच्या हाती आदेशाची प्रत असते, चारा नसतो.

यापुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून सुमारे दहा वर्षे घन्याचा शास्त्रीय अभ्यास केला. चराई थांबावी असे ज्या तज्ज्ञांचे मत होते त्यांत स्वतः सालिम अली होते. त्यांच्याच संस्थेच्या या अभ्यासातून काय निघाले? म्हशी गेल्यावर पासपालम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले. कप्प्यांतले उघडे पाणी त्याने झाकले, मासे कमी झाले, बदकांना उतरायला जागा राहिली नाही. म्हैस पाण्यात उतरून हे गवत खात होती आणि तुडवत होती. पाखरांसाठी उघडे पाणी राखण्याचे काम ती फुकट करत होती. अहवालाने मर्यादित प्रमाणात म्हशींना पुन्हा येऊ द्यावे असे सुचवले. ही सोसायटी मुंबईची, १८८३ साली स्थापन झालेली. आपल्या पूर्वग्रहाविरुद्ध जाणारा निष्कर्ष तिने दडपला नाही, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगायला हरकत नाही.

परंतु कायदा आता आडवा आला. राष्ट्रीय उद्यानात चराई नाही म्हणजे नाही. वनखात्याने बुलडोझर लावून गवत काढून पाहिले, गावकऱ्यांना हाताने कापून नेण्याची परवानगी दिली. स्त्रिया डोक्यावर गवताचे भारे घेऊन भिंतीतल्या दारांतून बाहेर पडताना दिसतात ती त्या परवानगीची परिणती. म्हशीने जे पाण्यात उभे राहून खाल्ले असते ते आता माणसाने कापून, वाहून तिच्यापुढे ठेवायचे. १९९० साली रामसर कराराच्या माँत्रो नोंदीत, म्हणजे बिघडत चाललेल्या पाणथळींच्या यादीत, घन्याचे नाव गेले. कारणांमध्ये पाण्याची टंचाई होती आणि चराईचा बिघडलेला तोलही होता. मणिपूरचे लोकताक सरोवर १९९३ मध्ये त्या यादीत आले.

येथून पुढची कथा पाण्याची. त्यासाठी क्षणभर जयपूरकडे जावे लागेल, कारण घन्याला पाणी देणाऱ्या दोन नद्यांपैकी बाणगंगा तिकडून येते. जयपूरजवळ या नदीवर जमवा रामगढचे धरण आहे; जयपूर शहराची तहान त्याने अनेक दशके भागवली. सुटीच्या दिवशी नावेत बसायला जयपूरकर तेथे जात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधील नौकानयनाच्या स्पर्धा याच रामगढ तलावात झाल्या. त्या स्पर्धांचा महिना नोव्हेंबरच, घन्याच्या वेशीवर गोळीबार झाला तोच महिना. एकाच नदीच्या वरच्या तळ्यात आंतरराष्ट्रीय शर्यती आणि खालच्या तळ्याच्या दारात ती दंगल. आज रामगढ जवळजवळ कोरडे आहे. पाणलोटात ठिकठिकाणी बंधारे, शेततळी, अतिक्रमणे झाली. राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ साली अब्दुल रहमान प्रकरणात राज्यातील नाले-ओढ्यांची वाट १५ ऑगस्ट १९४७ च्या स्थितीत आणण्याचा विचार मांडला आणि २०११ मध्ये रामगढची स्वतःहून दखल घेतली. तलाव भरला नाही. तारखेची स्थिती कागदावर पुनर्स्थापित करता येते, पाणलोटातल्या हजारो शेतकऱ्यांचे साठ वर्षांचे निर्णय मागे घेता येत नाहीत.

बाणगंगा अशी आटल्यावर घन्याचा आधार एकटी गंभीर नदी. करौली जिल्ह्यात पाच ओढे एकत्र येऊन ही नदी बनते; त्यावरून तेथील धरणाचे नाव पांचना. हे मातीचे धरण नव्या शतकाच्या आरंभी पुरे होऊन पाणी अडवू लागले आणि अजान बांधाकडे येणारा प्रवाह थांबला. घन्याला हंगामात साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते. २००४ साली पाऊस तुटपुंजा झाला आणि करौलीच्या शेतकऱ्यांनी पांचनाचे पाणी सोडण्यास कडवा विरोध केला. सरकार नमले. त्या वर्षी घन्याला गरजेच्या काही टक्केच पाणी मिळाले. स्थलांतर करून आलेली पाखरे फिरून गेली, कासवे चिखलात अडकून मेली.

वर्तमानपत्रांनी तेव्हा हे प्रकरण शेतकरी विरुद्ध पाखरे असे रंगवले. ते अपुरे आहे. करौलीचा शेतकरी म्हणत होता की धरणासाठी जमीन आमची गेली, पाऊस आमच्या डोंगरांवर पडला, आणि पाणी भरतपूरच्या हॉटेलवाल्यांसाठी का जावे? त्याला उत्तर देणे सोपे नव्हते, कारण राष्ट्रीय जलनीतीतही ते नीट दिलेले नव्हते. १९८७ च्या जलनीतीत पाणीवाटपाचा अग्रक्रम असा होता : पिण्याचे पाणी, सिंचन, जलविद्युत, जलवाहतूक, उद्योग व इतर. पाणथळ आणि सहल ही ‘इतर’मध्ये. २००२ च्या नीतीत पर्यावरणाला चौथे स्थान मिळाले, सिंचनाच्या दोन पायऱ्या खाली. म्हणजे पांचनाचे अधिकारी नियमावर बोट ठेवून पाणी अडवू शकत होते. आणि धरणाचा आराखडा करताना दोनशे वर्षे चालत आलेला खालचा वापर हिशेबात धरायचा असतो, हा साधा नियम पाळला गेला असता तर प्रश्न या टोकाला गेला नसता. जागतिक वारसा, रामसर, राष्ट्रीय उद्यान या तीन बिरुदांपैकी एकालाही भिंतीबाहेरच्या एका मोरीवर अधिकार नव्हता.

२०१७ च्या पाणथळ नियमांत तर आणखी गंमत आहे. सिंचनासाठी किंवा मनोरंजनासाठी खास बांधलेली मानवनिर्मित रचना पाणथळीच्या व्याख्येतून वगळली आहे. घना मुळात या दोन्हींसाठीच बांधला गेला. रामसर यादी आणि वन्यजीव कायदा यांच्या छत्रामुळे त्याला बाधा येत नाही, हे खरे. पण ज्या शेकडो गावतळ्यांवर हिवाळ्यात पाखरे उतरतात आणि आसपासची माणसे पाहायला जातात, त्यांतील बहुतेक एकेकाळी सिंचनासाठीच बांधलेली आहेत.

सायबेरियन क्रौंचांचा उल्लेख केल्याशिवाय भरतपूरचे वर्णन पुरे होत नाही. साठच्या दशकाच्या मध्यास हे शुभ्र पक्षी दोनशेच्या आसपास येत. त्यांची संख्या दरवर्षी उतरत गेली आणि २००२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर नाही. याचा सगळा दोष घन्यावर टाकणे योग्य होणार नाही. हजारो मैलांच्या प्रवासमार्गावर त्यांची शिकार होत होती, वाटेवरच्या पाणथळी आटत होत्या. तरी ज्यांच्यासाठी भरतपूर जगाच्या नकाशावर गेले ते पाहुणे येईनासे झाले आणि सहलीला येणाऱ्यांची गर्दी मात्र वाढत राहिली, हा विरोधाभास तेथील जुने वाटाडे स्वतः सांगतात.

हे वाटाडे म्हणजे सायकलरिक्षावाले. भरतपूरच्या कारभारात मनापासून दाद द्यावी असा एखादा निर्णय शोधायचा तर तो हा. आतल्या मुख्य रस्त्यावर मोटारींना ठरावीक ठिकाणापलीकडे मज्जाव करून रिक्षा चालवणाऱ्यांना पाखरे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांत अनेक सरदारजी आहेत. शाळा अर्धवट सोडलेला माणूस दुर्बिणीशिवाय झाडाच्या ढोलीतले पिंगळे दाखवतो, शास्त्रीय नाव इंग्रजीत आणि बोलीतले नाव ब्रजात सांगतो. मोटारीच्या आवाजापासून पाखरे वाचली आणि शहरातल्या गरिबाला उद्यानातून रोजी मिळाली. यासाठी मोठा निधी लागला नाही. दुष्काळाच्या वर्षांत मात्र सर्वांत आधी पोट रिकामे झाले ते याच माणसांचे. म्हणजे शेतकरी विरुद्ध पाखरे या चित्रात हा तिसरा मनुष्य कोणाला दिसलाच नाही.

२००४ नंतरच्या कोरड्या वर्षांत घन्यात विलायती बाभूळ माजली. ती मुळासकट उपटण्यासाठी वनखात्याने गावकऱ्यांच्या समित्यांना हाताशी धरले : झाड मुळापासून काढा आणि लाकूड घेऊन जा. ज्या गावांना १९८२ मध्ये भिंतीबाहेर ठेवले त्यांना पंचवीस वर्षांनी कुऱ्हाड-कुदळीसह आत बोलवावे लागले. काम चांगले झाले. पाण्यासाठी गोवर्धन नाल्यातून यमुनेच्या बाजूचे पुराचे पाणी नळाने आणण्याची योजना झाली आणि २०१२ च्या सुमारास ती सुरू झाली. चंबळ-धौलपूर-भरतपूर या पिण्याच्या पाण्याच्या योजनेतूनही काही वाटा मिळू लागला. पाणी आले खरे. परंतु नळाचे पाणी आणि नदीचे पाणी यांत फरक आहे. गंभीरच्या पुराबरोबर मासळीचे बीज, गाळ, वनस्पतींचे बी येत असे. कप्प्यांत जे जीवन फुलायचे त्याची पेरणी तो पूर करी. चंबळचे पाणी त्या मानाने रिकामे येते, आणि गोवर्धन नाल्यात वाटेतल्या वस्त्यांचे सांडपाणीही मिसळते. म्हणून जोराचा पाऊस होऊन पांचनाचे दरवाजे उघडतात आणि गंभीर वाहते, तेव्हा भरतपुरात ती बातमी ठरते.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात कालव्यांसाठी बांधला गेला. गाळ साचून त्याची पाणथळ झाली, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिली रामसर जागा म्हणून त्याची घोषणा झाली. तुलना शोभते, पण एक भेद ध्यानात ठेवावा. नांदूर राष्ट्रीय उद्यान नाही, तेथे भिंत नाही. भोवताली ऊस, द्राक्षे, कांदा पिकतो, आणि पाणी किती राहणार हे वरच्या धरणांच्या आवर्तनावर आणि खाली जायकवाडीला सोडायच्या पाण्यावर ठरते. तेथे आज जो प्रश्न निफाडच्या शेतकऱ्याशी बोलून सुटू शकतो तो उद्या अधिसूचनेने सोडवायचा मोह होऊ नये, एवढी अपेक्षा.

ज्यांना यंदा भरतपूरला जायचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. घरटी पाहायची असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर, बदके आणि पट्टकादंब हंस पाहायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी. निघण्यापूर्वी पावसाळा कसा झाला आणि घन्याचे कप्पे भरले का, हे तेथील कोणा वाटाड्याला दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. रिक्षा तासावर ठरवावी, घाई करू नये. मंदिराकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला मातीच्या बांधांत लोखंडी पडद्यांच्या जुन्या मोऱ्या दिसतील. रिक्षावाल्याला तेथे थांबायला सांगावे आणि हे पाणी कोठून आले असे विचारावे. बहुतेकांना ते तारखेनिशी माहीत असते.